रक्तदाब उत्तम, तरीही अतिदक्षता कक्ष

गेल्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस आमचे थोरले बंधू दुकानाच्या माळ्यावरून उतरताना पायरी चुकून पडले आणि त्यांच्या डाव्या घोट्याचे हाड मोडले. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पन्नास वर्षे बसलेला हा माणूस. वय ६८, मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी नाही. पायाला प्लास्टर घातले गेले आणि सहा आठवड्यांची विश्रांती सांगितली गेली. विश्रांती म्हणजे दादांच्या लेखी तक्क्याला टेकून, पाय उशीवर ठेवून, दिवसभर फोनवर सौदे करणे. पाचव्या आठवड्यात त्यांना न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागू लागली. जड पाय ओढण्याचे श्रम असतील, असे आम्ही समजलो. पोटरी भरून आल्यासारखी वाटते, असे ते वहिनींना म्हणाले होते. परंतु प्लास्टर घट्ट बसले असेल म्हणून तेही मागे पडले. एके दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दाराशीच त्यांना घेरी आली, अंगाला दरदरून घाम सुटला आणि आम्ही त्यांना मोटारीत घालून रुग्णालयात नेले.

छातीचा सीटी स्कॅन झाला आणि निदान कळले : पल्मनरी एम्बोलिझम. पायाच्या खोल शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटते, रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूत येते आणि तेथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते, असा हा विकार. दादांच्या दोन्ही फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांत अशा गुठळ्या होत्या. तोवर त्यांना प्राणवायू लावला होता, ते शुद्धीवर होते, बोलत होते आणि रक्तदाब होता १२४/८०. तो आकडा ऐकून आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरांनी सांगितले, ‘यांना किमान दोन-तीन दिवस अतिदक्षता कक्षात ठेवावे लागेल.’

दुकानाचा हिशेब पाहणारा पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, बीपी नॉर्मल आहे, बाबा बोलताहेत, चहा मागताहेत. मग आयसीयू कशाला? बिल फुगवण्याचा प्रकार तर नाही ना?” खोटे कशाला सांगू, माझ्याही मनात तोच किंतु आला होता. छत्तीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात घालवलेल्या मनुष्याला संशय ही दुसरी प्रकृतीच होऊन बसते. मी डॉक्टरांना शक्य तितक्या नम्रतेने विचारले. त्यांनी रागावण्याऐवजी रक्ततपासणीचे कागद पुढे ठेवले आणि दोन आकड्यांवर बोट ठेवले. एक ट्रोपोनिनचा, दुसरा एनटी-प्रोबीएनपीचा. ‘रक्तदाब आत्ता काय आहे ते सांगतो,’ ते म्हणाले. ‘हे दोन आकडे हृदय तो कशाच्या जोरावर सांभाळत आहे ते सांगतात.’

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर. वैद्यकाशी माझा संबंध विम्याच्या दाव्यांपुरता. परंतु त्या तीन दिवसांत आणि नंतरच्या काही महिन्यांत या विषयावर जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आपल्या घरांत उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडत आहे. गादीवर किंवा काउंटरमागे आठ-दहा तास बसून राहणे, गुडघ्याच्या शस्त्रक्रिया, लांबच्या यात्रांचे रात्रभराचे प्रवास या गोष्टी आपल्या समाजात घरोघरी आहेत. शस्त्रक्रिया, अस्थिभंग किंवा दीर्घ अंथरूण यांनंतरच्या दिवसांत एकच पाय सुजणे आणि अकारण धाप लागणे या दोन गोष्टी एकत्र आल्या तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आम्ही त्यात आठवडा घालवला.

आता मूळ प्रश्न. रक्तदाब उत्तम असताना धोका कसा?

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांपैकी डावा कप्पा सर्व शरीरभर रक्त ढकलतो. तो १२० च्या आसपासच्या दाबाने काम करतो आणि त्याची भिंत त्यासाठीच जाड असते. उजव्या कप्प्याला रक्त केवळ शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचवायचे असते. तेथील दाब साधारण २५ च्या घरात असतो, म्हणून त्याची भिंत पातळ. फुप्फुसाची धमनी एकाएकी तुंबली की या पातळ भिंतीवर अनपेक्षित भार येतो. वर्षानुवर्षे हळूहळू भार वाढत गेला तर स्नायू सरावतो, जाड होतो. परंतु अचानक आलेल्या भारापुढे न सरावलेला उजवा कप्पा फुप्फुसाच्या धमनीतील सरासरी दाब ४० च्या वर नेऊच शकत नाही. तो फुगू लागतो. फुगल्यामुळे त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कमी मिळते, आणि पुढे डाव्या कप्प्याकडे येणारे रक्तही घटते. तरीही काही काळ शरीर तोल सावरून धरते. नाडी जलद होते, हातापायांच्या बारीक धमन्या आकसतात आणि दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब ‘नॉर्मल’ येतो. हा तोल सुटतो तेव्हा मात्र थोड्याच वेळात सुटतो.

कर्ज विभागातील माणसाला हे चित्र अगदी ओळखीचे वाटते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ९० दिवसांहून अधिक थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. परंतु कोणतेही खाते एका रात्रीत बुडत नाही, म्हणून ३० आणि ६० दिवसांच्या टप्प्यांवर त्याची वेगळी नोंद करण्याची पद्धत आहे. बँकेत तिला ‘एसएमए’ म्हणतात. अशा खातेदाराचे दुकान उघडे असते, पाटी झळकत असते, तो हसून चहा मागवतो. मात्र साठ्याचे पत्रक उशिरा येते, खात्यातील उलाढाल मंदावते, एखादा धनादेश परत जातो. दुकानाची पाटी पाहून कर्ज सुरक्षित आहे असे लिहिणारा अधिकारी फार काळ त्या खुर्चीवर राहत नाही. रक्तदाब ही पाटी होय. आतली पत्रके रक्तात सापडतात.

त्यांपैकी पहिले ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायुतंतूंतील प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ते अत्यल्प असते. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपते. हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी ही तपासणी होते, हे बहुतेकांना ठाऊक असते, आणि म्हणूनच दादांचा अहवाल पाहून वहिनी घाबरून म्हणाल्या, “म्हणजे ॲटॅकही आला की काय?” तसे नव्हते. येथे ट्रोपोनिन आले होते ते ताणलेल्या आणि रक्ताला मुकलेल्या उजव्या कप्प्यातून.

या आकड्याचे वजन किती, हे इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका एकत्रित अभ्यासावरून लक्षात येते. त्यांनी २० अभ्यासांतील १,९८५ रुग्णांची माहिती एकत्र केली. ट्रोपोनिन वाढलेल्या ६१८ रुग्णांपैकी १२२ दगावले, म्हणजे शेकडा १९.७. ट्रोपोनिन न वाढलेल्या १,३६७ पैकी ५१ दगावले, म्हणजे शेकडा ३.७. रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णांपुरते पाहिले तरी हा संबंध टिकून राहतो. तथापि हेच आकडे उलट्या बाजूनेही वाचले पाहिजेत. ट्रोपोनिन वाढलेले पाचांतील चार रुग्ण वाचले. आणि ते न वाढलेल्यांतही मृत्यू शून्य नव्हते. तेव्हा वाढलेले ट्रोपोनिन म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. ती धोक्याची प्रतवारी आहे.

दुसरे पत्रक एनटी-प्रोबीएनपी. याच्या नावाची कथा मौजेची आहे. १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत एक संप्रेरक सापडले, म्हणून त्याच्या नावात ‘ब्रेन’ म्हणजे मेंदू आला आणि त्यावरून ‘बीएनपी’ हे लघुरूप. पुढे कळले की मनुष्यात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होते. नाव मेंदूचे राहिले, काम हृदयाचे. हृदयाची भिंत ताणली गेली की पेशी त्याचे पूर्वरूप तयार करतात. ते दुभंगते आणि एका तुकड्याला बीएनपी, तर दुसऱ्याला एनटी-प्रोबीएनपी म्हणतात. ट्रोपोनिन इजा सांगते, हे ताण सांगते. गुठळीच्या विकारात ६०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही सीमारेषा युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे. दादांचा आकडा होता २,३४०.

मला विशेष वाटले ते हे की, या तपासणीचा खरा उपयोग आकडा कमी आला असता अधिक होतो. तो वाढण्याची कारणे अनेक आहेत : वाढते वय, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची जुनी दुर्बलता, ठोक्यांची अनियमितता. त्यामुळे वाढलेला आकडा एकटा फारसे ठामपणे बोलत नाही. कमी आकडा मात्र उजवा कप्पा बहुधा भार सोसतो आहे, असा बराच विश्वसनीय दिलासा देतो. त्यालाही अपवाद आहे. हे द्रव्य तयार होण्यास काही तास लागतात, म्हणून घेरी आल्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात ते फसवे कमी दिसू शकते. आमच्या डॉक्टरांनी दादांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, आधी पाहिली आणि मगच या आकड्याचा अर्थ लावला. ट्रोपोनिनही मूत्रपिंड थकलेल्या माणसात वाढलेले असू शकते.

लॅक्टेट ही आणखी एक तपासणी. ऊतींना प्राणवायू पुरेसा मिळेनासा झाला की ते रक्तात साठते, आणि २ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेले तर तोल सुटण्याच्या जवळ आल्याचा तो इशारा मानतात. दादांचे १.६ होते.

डी-डायमरविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण २०२०-२१ च्या कोविडकाळात हा शब्द आपल्या घराघरांत शिरला आणि त्याविषयीची भीतीही शिरली. गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात येतात त्यांचे हे माप. शस्त्रक्रिया, अस्थिभंग, जंतुसंसर्ग, गर्भारपण, कर्करोग, नुसते वार्धक्य, यांपैकी कशानेही ते वाढते. त्यामुळे डी-डायमर वाढले म्हणजे गुठळी आहेच, असे नाही. लक्षणांवरून शंका कमी असताना ते वाढलेले नसेल तर गुठळी नाही, असे म्हणून सीटी स्कॅन टाळता येतो. हे त्याचे मुख्य काम. नेहमीची सीमा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. परंतु पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारी संख्या सीमा मानावी, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासावरून रूढ झाले. त्या हिशेबाने ६८ वर्षांच्या माणसाची सीमा ६८०. निदान पक्के झाल्यावर मात्र धोक्याची पायरी ठरवण्यासाठी ट्रोपोनिन पाहतात. दादांचे डी-डायमर किती, असे दूरध्वनीवरून विचारणारे नातेवाईक रोज दोन-तीन तरी असत. त्यांना मी काय उत्तर द्यावे?

याच दिवसांतला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या दिवशी तातडीने केलेल्या तपासणीत ट्रोपोनिन टी ०.०६ आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात ते ४१ होते. पुतण्याच्या हातातून कागद गळून पडायचाच बाकी राहिला. “काका, शेकडो पटींनी वाढले!” दोन कागद शेजारी ठेवून मी आयुष्यभराच्या सवयीने आधी रकान्याचे शीर्षक वाचले. पहिल्यावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होते, दुसऱ्यावर नॅनोग्रॅम प्रति लिटर. लिटरमध्ये हजार मिलिलिटर असतात, तेव्हा पहिला आकडा हजाराने गुणावयाचा : ६०. म्हणजे साठाचे एक्केचाळीस झाले होते. ट्रोपोनिन उतरू लागले होते आणि आम्ही रडकुंडीला आलो होतो! रुपये आणि लाख एकाच स्तंभात मिसळणाऱ्या नव्या कारकुनांना मी जे सांगत असे, तेच येथे लागू. शिवाय ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय या वेगळ्या तपासण्या आहेत. त्यांची आकडेवारी एकमेकींशी ताडून पाहू नये. आमचे दोन्ही अहवाल सुदैवाने टी चे होते, म्हणूनच तुलना शक्य झाली. दादांच्या वयाला टी ची सीमा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर. ७५ वर्षांनंतर ती ४५ मानतात. डी-डायमरचीही दोन प्रकारची एकके प्रचलित आहेत. एकातील आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो आणि वयाला दहाने गुणण्याचा हिशेब त्या दुप्पट येणाऱ्या एककालाच लागू पडतो.

रक्तातील हे आकडे एकटे वाचले जात नाहीत. आधी एक गुणपत्रक मांडतात, ‘पेसी’ नावाचे. वयाची वर्षे तितके गुण. पुरुष असल्यास १०. नाडी ११० किंवा अधिक असल्यास २०. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण शेकडा ९० च्या खाली असल्यास २०. कर्करोग असल्यास ३०. वरचा रक्तदाब १०० च्या खाली असल्यास ३०. शुद्ध हरपत असल्यास ६०. असे आणखी काही. दादांचे ६८ अधिक १०, नाडी ११४ म्हणून २०, आणि प्राणवायू लावण्यापूर्वीचे प्रमाण ८९ म्हणून आणखी २०. एकूण ११८. पाच वर्गांपैकी हा चौथा वर्ग. मग सीटी किंवा इकोमध्ये उजवा कप्पा डाव्याहून मोठा झाला आहे काय ते पाहतात. दादांचा झाला होता. आणि त्यानंतर ट्रोपोनिन. रक्तदाब स्थिर, परंतु उजवा कप्पा फुगलेला आणि ट्रोपोनिनही वाढलेले, अशा रुग्णाला मध्यम-उच्च धोक्याच्या गटात घालतात. या दोहोंपैकी एकच बिघडलेले असेल तर मध्यम-कनिष्ठ. गुणही कमी आणि बाकीचेही निर्दोष असेल तर कनिष्ठ. अशा निवडक रुग्णांना लवकर घरी पाठवून गोळ्यांवर ठेवता येते, हे युरोपातील अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. ज्याचा रक्तदाबच कोसळला आहे तो उच्च धोक्याचा. त्याच्या बाबतीत ट्रोपोनिनच्या अहवालाची वाट पाहत बसत नाहीत. तेथे घराला आग लागलेली असते.

दुसऱ्या दिवशी खरा वाद झाला. पुतण्याने कोठूनतरी ऐकले होते की गुठळी विरघळवणारे जोरकस इंजेक्शन असते. “धोका मोठा आहे म्हणता, मग तेच का देत नाही? पैशाचा प्रश्न नाही,” असे तो डॉक्टरांना म्हणाला. व्यापारी घरांत हे वाक्य फार सहज येते. पैसा आहे म्हणजे सर्वांत महाग उपाय सर्वांत चांगला, अशी आपली समजूत असते.

डॉक्टरांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीचा दाखला दिला, आणि तो मला आजही तोंडपाठ आहे. नेमके दादांसारखे रुग्ण निवडले होते : रक्तदाब स्थिर, उजवा कप्पा दुबळा, ट्रोपोनिन वाढलेले. ५०६ जणांना नेहमीच्या हेपॅरिनबरोबर गुठळी विरघळवणारे औषध दिले. ४९९ जणांना हेपॅरिनबरोबर निष्क्रिय द्रव दिला. सात दिवसांत मृत्यू किंवा रक्तदाब कोसळणे, यांपैकी काही घडले ते पहिल्या गटात १३ जणांना, दुसऱ्यात २८ जणांना. येथपर्यंत जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी की, पक्षाघात पहिल्या गटात १२ जणांना झाला आणि दुसऱ्यात एकाला. पहिल्या गटातले ते बहुतेक मेंदूतील रक्तस्रावाचे होते. मेंदूबाहेरचा मोठा रक्तस्राव ३२ विरुद्ध ६. आणि नुसते मृत्यू मोजले तर ६ विरुद्ध ९, ज्यावरून काही ठाम म्हणता येत नाही. पुतण्याने कागदावर ते आकडे मांडले, दोनदा पाहिले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

म्हणून आजची रीत अशी : मध्यम-उच्च धोक्याच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावयाचे, नजरेआड होऊ द्यावयाचे नाही, आणि रक्तदाब ढासळू लागला तर तत्क्षणी विरघळवणारे औषध द्यावयाचे. त्या चाचणीतही ज्यांचे बिघडले त्यांचे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच बिघडले होते. तेव्हा वाढलेल्या ट्रोपोनिनमुळे दादांच्या औषधात फरक पडला नाही. त्यांना कोठे ठेवायचे आणि किती दिवस, यात पडला. अतिदक्षता कक्षाचे बिल हे त्या पहाऱ्याचे होते.

येथे आपल्या वाचकांना विचारावासा वाटेल असा एक प्रश्न वहिनींनी विचारला. हेपॅरिन कशापासून बनते? डॉक्टर आडपडदा न ठेवता म्हणाले, ‘डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून.’ नेहमी दिले जाणारे हेपॅरिन आणि त्याची सुधारित हलकी रूपे, दोन्ही त्यातूनच येतात. वहिनी गप्प झाल्या. फोन्डापॅरिनक्स नावाचे, पूर्णतः रसायनशाळेत तयार होणारे इंजेक्शन आहे आणि या विकारात ते मान्यही आहे, असे डॉक्टरांनीच पुढे सांगितले. मात्र मूत्रपिंड फार दुबळे असेल तर ते देता येत नाही, आणि त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो व उलटवता येत नाही. ज्याला कोणत्याही क्षणी विरघळवणारे औषध द्यावे लागेल अशी शक्यता दिसते, त्याच्यासाठी काही तासांत ओसरणारे आणि उतारा असलेले साधे हेपॅरिन डॉक्टर पसंत करतात. म्हणजे या प्रश्नाचे उत्तरही धोक्याच्या प्रतवारीशीच बांधलेले आहे. पुढे ज्या गोळ्या घ्यावयाच्या असतात, रिव्हरॉक्सॅबॅन किंवा ॲपिक्सॅबॅन, त्यांतील औषधद्रव्य कृत्रिमच असते. दादांना पहिली मात्रा आधीच दिली गेली होती. वहिनींनी विचार केला आणि म्हणाल्या, “जे चालू आहे ते चालू द्या, गोळी लवकर सुरू होईल तेवढे पाहा.” इतरांनी काय ठरवावे हे मी सांगणार नाही; परंतु विचारावयाचे असेल तर डॉक्टरांना विचारता येते आणि त्यांच्याजवळ उत्तर असते, एवढे निश्चित.

दादांना मात्र या कशाचेच सोयरसुतक नव्हते. परवा दसरा होता आणि पन्नास वर्षांत दुकानातील पूजा त्यांच्याखेरीज झाली नव्हती. “ट्रोपोनिन उतरले ना? मग सोडा मला,” हा त्यांचा घोष. एनटी-प्रोबीएनपी अजून १,७०० च्या वर होते. डॉक्टरांनी नकार दिला. वजनमापाची आणि वह्यांची पूजा पुतण्याने केली आणि दादांनी ती मोबाइलवर पाहिली, वाटेत तीन चुका काढत.

अतिदक्षता कक्षात त्या तीन रात्री काहीही घडले नाही. चौथ्या दिवशी त्यांना साध्या खोलीत हलवले, सहाव्या दिवशी घरी. बिल भरून परतताना पुतण्या म्हणाला, “काका, काहीच झाले नाही. मग तो धोक्याचा आकडा चुकलाच म्हणायचा.” मी त्याला त्याच्या खिशातला कागद काढावयास सांगितला. त्या चाचणीत नुसत्या हेपॅरिनवर असलेल्या ४९९ जणांपैकी ४७१ जणांनाही काही झाले नव्हते. नजर ठेवलेले प्रत्येक एसएमए खाते बुडत नाही; बहुतेक सुधारतात. कोणते अठ्ठावीस, हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तर सर्वांवर नजर ठेवावी लागते. त्याला ते कितपत पटले, मला सांगता येणार नाही.

पौषात तीन महिन्यांची फेरतपासणी झाली. इकोमध्ये उजवा कप्पा मूळच्या आकारावर आलेला, एनटी-प्रोबीएनपी १९०. कारण स्पष्ट होते, मोडलेला पाय आणि प्लास्टर, आणि ते आता उरले नव्हते. म्हणून डॉक्टरांनी गोळी बंद केली. कारण न सापडता गुठळी झाली असती तर ती दीर्घकाळ चालू ठेवावी लागली असती. दादा दुकानावर जातात, दर तासाला उठून गोदामापर्यंत चक्कर मारतात आणि त्याबद्दल कुरकुर करतात. त्यांचे सारे अहवाल त्यांनी एका जुन्या रोजमेळीच्या कोऱ्या पानांवर उतरवून ठेवले आहेत : तारीख, तपासणी, आकडा, एकक, प्रयोगशाळा. एककाचा रकाना त्यांनी तांबड्या शाईने आखला आहे.